बोधचिन्ह वाचायला शिकूया : एका धोट्याची गोष्ट



या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही एक छोटासा 'वारसा कोपरा' सुरू केला. वर्गाच्या मागच्या भिंतीला एक जुनं टेबल लावलं, त्यावर स्वच्छ चादर अंथरली आणि मुलांना सांगितलं, "घरातली एक जुनी वस्तू आणा. मात्र आणण्याआधी घरच्यांना विचारा, आणि त्या वस्तूची माहितीही विचारून या." दुसऱ्या दिवसापासून वस्तू येऊ लागल्या. पितळी तांब्या, अडकित्ता, पायली, आजीची फणेरपेटी, जुना रेडिओ. तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील स्वतःच वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाई, हे ठेवून घ्या. साधे माग काढले आम्ही. सगळं किलोवर गेलं. हा एक तेवढा पोरानं ठेवून घेतला."

कागद सोडला तर आत लाकडी धोटा होता. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मध्ये खाच, आणि त्या खाचेत अजून थोडं सूत असलेली कांडी. टेबलाभोवती गर्दी झाली. मी विचारलं, "हे काय आहे?" एकानं लगेच सांगितलं, "होडी!" दुसरा म्हणाला, "बाई, नांगराचं काय तरी हाय." ज्यांच्या गल्लीत दिवसरात्र मागाचा खडखडाट चालतो, त्या इचलकरंजीतल्या पोरांपैकी निम्म्यांना धोटा ओळखता आला नाही. मला हसू आलं, आणि नंतर जरा वाईटही वाटलं.

कोपरा भरला, तेव्हा मुलं म्हणाली, "बाई, आपल्या म्युझियमला लोगो पाहिजे." त्यातून जे शिकणं झालं ते पंधरा दिवस पुरलं. ते तुमच्यापुढे ठेवावं म्हणून हा लेख. वारसा सांगणाऱ्या संस्थांची चिन्हं कशी तयार होतात, त्यांतल्या आकारांचा अर्थ काय, आणि मुलांना ती कशी वाचायला शिकवायची, असा याचा विषय आहे.

चित्र आणि बोधचिन्ह यांत फरक काय?

'बोधचिन्ह' हा शब्दच फोडून बघा. चिन्ह म्हणजे खूण. बोध म्हणजे समजणं, कळणं. ज्या खुणेवरून काही कळतं ते बोधचिन्ह. चित्रात आपण दिसतं ते सगळं काढतो. डोंगर, सूर्य, घर, झाड, नदी. बोधचिन्हात मात्र एकच गोष्ट निवडायची असते आणि बाकीच्या सोडून द्यायच्या असतात. मुलांना (आणि आपल्यालाही) सगळ्यात अवघड जातं ते हे सोडून देणं.

मुलांना मी तीन सोपे प्रश्न दिले. कुठलंही चिन्ह समोर आलं की हे विचारायचे :

१. यात काय दाखवलं आहे?
२. यात काय सोडून दिलं आहे?
३. हे कोणी, कोणासाठी निवडलं आहे?

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. खरा अभ्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे. पुढची सगळी उदाहरणं आम्ही याच तीन प्रश्नांनी वाचली.

पहिलं उदाहरण : खिशातली राजमुद्रा

प्रत्येकाला एक नाणं आणायला सांगितलं. "सिंह मोजा." सगळ्यांनी मोजले, तीन. मी म्हटलं, "चार आहेत." वर्गात गोंधळ! नाणी उलटीपालटी करून झाली. मग एका मुलीनं हात वर केला, "बाई, एक मागं असंल."

अगदी बरोबर. आपल्या देशाची राजमुद्रा ज्या शिल्पावरून घेतली आहे, ते सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभाचं शीर्ष. १९०४-०५ साली फ्रेडरिक ओर्टेल यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं, तेव्हा हे शिल्प मातीतून बाहेर आलं. उंची साधारण सात फूट. आज ते सारनाथच्या संग्रहालयात आहे. म्हणजे आपल्या नाण्यांवर, नोटांवर आणि सरकारी कागदांवर जे चिन्ह आहे, ते मुळात संग्रहालयातली एक वस्तू आहे! मुलांना हे फार आवडलं. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंची खोली, एवढीच त्यांची कल्पना होती. तिथली एखादी वस्तू उठून सगळ्या देशाची ओळख होऊ शकते, हे त्यांना नवीन होतं.

आता दुसरा प्रश्न, काय सोडलं? मूळ शिल्पात चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. त्यांच्या खाली गोल पट्टी, त्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, आणि त्यांच्यामध्ये चक्रं. सगळ्यात खाली घंटेच्या आकाराचं उलटं कमळ. सिंहांच्या वर एक मोठं धर्मचक्रही होतं, त्याचे तुकडे सापडले. राजमुद्रेत काय आलं? तीन सिंह दिसतात, मध्ये चक्र, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला घोडा, आणि दोन टोकांना चक्रांच्या कडा. कमळ सोडलं. वरचं मोठं चक्र नाही. हत्ती दिसत नाही. खाली देवनागरीत मुंडक उपनिषदातलं बोधवाक्य जोडलं. २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक झालो त्याच दिवशी, हे चिन्ह देशानं स्वीकारलं.

चौथा सिंह न दिसताही आहे, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे पंधरा दिवस कुठलंही चिन्ह दिसलं की "बाई, ह्यात चौथा सिंह कुठं हाय?" असं विचारणं सुरू झालं. म्हणजे, न दाखवलेलं काय आहे? माझा दुसरा प्रश्न त्यांनी स्वतःच्या भाषेत करून घेतला.

(एक सूचना : राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. शाळेच्या, मंडळाच्या किंवा स्पर्धेच्या चिन्हात ती घालू नये. अभ्यासासाठी बघावी, आपल्या चिन्हासाठी उचलू नये.)

दुसरं उदाहरण : पन्हाळ्याचा गोल आणि चौकोन

आपल्या जिल्ह्यातला पन्हाळा बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं 'भारतातील मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि आपला पन्हाळा. त्यामुळे जागतिक वारशाचं चिन्ह आता आपल्याही घरचं झालं आहे. ते वाचता यायला हवं.

हे चिन्ह बेल्जियमचे कलाकार मिशेल ओलिफ यांनी केलं आणि १९७८ मध्ये ते स्वीकारलं गेलं. अगदी साधं आहे. बाहेर एक गोल. आत एक चौकोन, पण पतंगासारखा टोकावर उभा. गोल आणि चौकोन वेगळे नाहीत, दोन्ही रेषेनं एकमेकांना जोडलेले आहेत.

मी मुलांना विचारलं, "निसर्गात तुम्हाला चौकोन कुठे दिसतो?" बराच विचार झाला. सूर्य गोल, चंद्र गोल, फळं गोल, अंडं गोलसर. चौकोन? वीट, खिडकी, पाटी, शेताचा बांध. सगळं माणसानं केलेलं. मग अर्थ त्यांनीच काढला. चौकोन म्हणजे माणसाच्या हातचं काम, गोल म्हणजे निसर्ग. दोन्ही जोडलेले, कारण एकावाचून दुसरं टिकत नाही. शिवाय गोल पृथ्वीसारखा आहे, आणि आतल्या चौकोनाला सगळीकडून कवेत घेतो, म्हणजे संरक्षणही आलं.

पन्हाळ्यावर हे लावून बघा. डोंगर, कडा आणि पाऊस निसर्गाचे. तटबंदी, अंबरखाना, तीन दरवाजा माणसाचे. कडा होता म्हणून तट तिथे बांधला. कड्याशिवाय तो तट नुसती भिंत राहिली असती. चिन्हातला गोल आणि चौकोन जोडणारी रेषा तीच.

अजून एक गंमत. या चिन्हाभोवती 'जागतिक वारसा' हे शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत असतात. पण नियम असा आहे की स्पॅनिशची जागा त्या त्या देशाच्या भाषेतल्या भाषांतराला देता येते. म्हणजे चिन्ह सगळ्या जगाचं, तरी त्यात एक जागा ज्याच्या त्याच्या भाषेसाठी राखलेली. युनेस्कोचं स्वतःचं चिन्हही बघायला सांगा. ते ग्रीक मंदिर आहे, आणि संस्थेच्या इंग्रजी नावाची सहा अक्षरं म्हणजेच त्याचे सहा खांब. अक्षरांनी छप्पर तोललेलं! शिक्षण देणाऱ्या संस्थेला यापेक्षा चांगलं चिन्ह काय असणार?

आकाराचा अर्थ वर्षानुवर्षं कसा चालत येतो, याचं आणखी एक उदाहरण चौथीच्या इतिहासाला जोडता येतं. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी आहे. तिच्यावरचा मजकूर संस्कृतात आहे आणि प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, असा त्याचा आशय. त्या काळात मुद्रा बहुधा फारसीत असत, म्हणून भाषेची निवडही महत्त्वाची. पुढे २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत ही युद्धनौका नौदलात दाखल झाली, तेव्हा भारतीय नौदलाचं नवीन निशाण आलं. त्यातली अष्टकोनी चौकट महाराजांच्या मुद्रेवरून घेतली आहे, आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा. कागदावर उमटणारी मुद्रा साडेतीनशे वर्षांनी समुद्रावरच्या निशाणावर गेली. मजकूर गेला नाही, आकार गेला. आकारालाही आठवण असते, ती अशी.

तिसरं उदाहरण : अक्षरांचं चिन्ह

कधी कधी चिन्हात वस्तू नसतेच, नुसती अक्षरं असतात. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाचं मोठं संग्रहालय आहे. त्याचं चिन्ह ॲलन फ्लेचर यांनी १९८९ मध्ये केलं. 'व्ही', 'अँड'ची खूण आणि 'ए', एवढंच. पण 'ए' या अक्षराची डावी बाजू आणि मधली आडवी रेघ त्यांनी काढूनच टाकली. मग 'ए' वाचता कसा येतो? शेजारच्या 'अँड'च्या खुणेचं टोक त्या रेघेचं काम करतं. शेजारच्यानं हात दिला म्हणून अर्धं अक्षर पूर्ण झालं. फळ्यावर काढून दाखवा, मुलं दोन मिनिटं टक लावून बघतात.

(नावावरून आठवलं. मुंबईच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नावही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हेच होतं. १९७५ मध्ये ते बदललं. नाव हेही एक चिन्हच, आणि तेही कोणीतरी निवडलेलं असतं.)

आपल्या देवनागरीत ही गंमत कशी करता येईल? एका मुलानं सांगितलं, "बाई, आपल्या अक्षरांना वर रेघ हाय की. त्यांच्याला नाय." शिरोरेखा! अक्षरांना एकत्र धरून ठेवणारी रेघ. हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. पुढे ते कामाला आलं.

संग्रहालयात कोणाची वस्तू जाते?

आता तिसरा प्रश्न. कोणी निवडलं, कोणासाठी? वारसा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर तलवार, मुकुट आणि राजवाडा येतो. म्हणून मी त्यांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल सांगितलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि लहानपणी वारलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. पुढे तो सगळा संग्रह सरकारला दिला. त्यात काय आहे? दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, दरवाजे, वाद्यं. रोजच्या हाताळण्यातल्या वस्तू. आपल्या आजीच्या फणेरपेटीलाही संग्रहालयात जागा मिळू शकते, हे कळल्यावर ती पेटी आणणारी मुलगी टेबलापाशी जरा ताठ उभी राहू लागली.

दुसरं उदाहरण अगदी जवळचं. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी कांस्य मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात ब्रह्मपुरीचा हा जुना ठेवा उजेडात आला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी आपला व्यापार चालायचा, त्या वाटेनं ती इथे आली. समुद्राचा देव, समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या नदीच्या काठी! आज कोल्हापूरचा वारसा सांगायचा तर ही मूर्ती वगळता येत नाही. ती परकी म्हणून कोणी तिला बाहेर ठेवत नाही.

हे उदाहरण मी सहज दिलं होतं. ते इतक्या लवकर उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आमचं चिन्ह : मतदान, आणि एक प्रश्न

मुलांनी चिन्हासाठी वस्तू सुचवल्या. घोरपडे सरकारांचा राजवाडा, पंचगंगा, यंत्रमाग, ऊस, कुस्तीची गदा, धोटा. माझ्या मनात आलं, सगळंच एका गोलात बसवू. काढूनही बघितलं. यात्रेतल्या फ्लेक्ससारखं दिसायला लागलं. एका पोरानं तोंडावर सांगितलं, "बाई, कायच कळंना झालंय." मीच दिलेला नियम मी मोडला होता. म्हणून मतदान घेतलं. धोटा निवडून आला.

कारणही पक्कं होतं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. त्या वेळचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं उद्योगांना उत्तेजन होतं. (तिकडे सारनाथला उत्खनन सुरू झालं, तेही याच वर्षी. मुलांनी दोन्ही घटना एकाच रेषेवर लिहिल्या.) त्या एका मागापासून आपल्या गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणू लागले. आणि त्या मागाचा जीव धोट्यात. उभ्या धाग्यांच्या मधून तो इकडून तिकडे पळतो, मागे आडवा धागा सोडत जातो, तेव्हा कापड होतं. आता नवे माग आले, त्यांत धोटा नसतो. कुठे हवेच्या झोतानं, कुठे पट्टीच्या टोकानं धागा ओढला जातो. त्यामुळे धोटे भंगारात चालले आहेत. जी वस्तू हातातून सुटत चालली आहे तीच जपायची, मुलांचा हा विचार मला पटला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. फारशी बोलत नाही ती. तिचं कुटुंब उत्तर प्रदेशातून कामासाठी इथे आलेलं, वडील मागावर कामगार. ती म्हणाली,

"बाई, माग मालकाचा असतो ना? आमचा नाही. मग हे चिन्ह पण मालकाचं का?"

वर्ग गप्प झाला. खरं सांगते, माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. "नाही गं, सगळ्यांचं" असं म्हणून मी वेळ मारून नेऊ शकले असते. पण आठवडाभर मीच त्यांना शिकवत होते की 'कोणी निवडलं, कोणासाठी' हे विचारा. तिनं विचारलं होतं.

मी म्हटलं, "आज उत्तर नको. घरी जाऊन विचारा. धोट्याला कोणाकोणाचा हात लागतो?"

दुसऱ्या दिवशी फळा भरला. कांडी भरणाऱ्या बायका. वहिफणी करणारे. सायझिंगमध्ये सुताला खळ लावणारे. तुटलेला धागा जोडणारा कामगार. माग दुरुस्त करणारा जॉबर. मालकाकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला. गाठी उचलणारे हमाल. मालकही, आणि बिल लिहिणारे दिवाणजीही. एका मुलाची आई घरकाम उरकून कांड्या भरायला जाते, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्या मुलीनं सांगितलं, "पप्पा म्हणतात, धागा तुटला की पहिल्यांदा मला दिसतो."

मग एकजण म्हणाला, "बाई, धोटा रिकामा काढायचा नाय. आत कांडी पाहिजे. कांडी नसली तर धोटा नुसताच पळतोय."

तिथेच चिन्ह ठरलं. धोटा मालकाच्या मागाचा असेल, पण त्यातली कांडी कोणीतरी हातानं भरलेली असते. आमच्या चिन्हात धोट्याची बाहेरची रेषा बारीक आहे आणि आतली कांडी ठळक. कांडीतून धागा निघतो, वर जातो आणि 'वारसा' या शब्दाची शिरोरेखा होतो. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं ते वाक्य असं उपयोगी आलं. व आणि र आणि स, सगळे त्या एका धाग्याला लटकलेले.

खाली एक नागमोडी रेघ आहे, पंचगंगेची. तिच्यावर धोटा होडीसारखा दिसतो. पहिल्या दिवशी ज्या मुलानं 'होडी' म्हटलं होतं त्याला सगळे हसले होते. नंतर मी त्यांना सांगितलं की फ्रेंच आणि जर्मन लोक धोट्याला ज्या शब्दांनी ओळखतात, त्यांचा मूळ अर्थ 'छोटी होडी' असाच आहे. म्हणजे हा काही चुकला नव्हता. जगातले विणकर त्याच्या बाजूनं होते!

रंग एकच ठेवला, काळा, कोऱ्या कापडावर. आपलं गाव कोरं कापड विणतं, म्हणून चिन्हाला मागे कोरं कापडच लावलं. ते एका पालकांनी दिलं.

त्या मुलीनं चिन्ह बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्यात चौथा सिंह कुठला?" मी म्हटलं, "तूच सांग." थोडा वेळ बघून म्हणाली, "कांडी भरणारी बाई. ती दिसत नाही, पण आहे." तिचा आदल्या दिवशीचा प्रश्न यानं पूर्ण सुटला, असं मी म्हणणार नाही. माग अजूनही मालकाचाच आहे. पण तो प्रश्न आमच्या चिन्हात आता आहे, आणि बघणाऱ्याला तो विचारता येतो. उद्घाटनाला तिचे वडील रात्रपाळी करून तसेच आले. धोटा हातात घेऊन त्यांनी दहा मुलांना धागा कसा ओवायचा ते दाखवलं. ज्यांनी धोटा दिला ते वडीलही शेजारी उभे होते. दोघं बराच वेळ मागाबद्दल बोलत राहिले.

शिक्षकांसाठी : वर्गात कसं घ्याल?

साधारण सहा तासिका पुरतात.

* पहिली तासिका : नाण्यावरचे सिंह मोजणं, आणि वर दिलेले तीन प्रश्न.
* दुसरी : गोल, चौकोन, अष्टकोन. निसर्गात कुठला आकार सापडतो, माणसाच्या कामात कुठला? गणिताच्या आकृत्यांशी सहज जोडता येतं.
* तिसरी : गावातली चिन्हं गोळा करणं. बँक, पतसंस्था, एसटी, शाळेचा गणवेश, वाचनालय. प्रत्येकात काय दाखवलं, काय सोडलं?
* चौथी : आपल्या गावाच्या वस्तूंची यादी आणि मतदान. हरलेल्या वस्तूंची कारणंही लिहून ठेवा, त्यांत चांगलं लेखन मिळतं.
* पाचवी : निवडलेल्या वस्तूला कोणाकोणाचा हात लागतो, हे घरी विचारून येणं. ही तासिका वगळू नका. आमच्याकडे खरं शिक्षण इथे झालं.
* सहावी : चित्र काढणं. नियम एकच. चिन्ह रुपयाच्या नाण्याएवढं लहान काढलं तरी ओळखता आलं पाहिजे. नसेल तर अजून काहीतरी सोडायचं बाकी आहे.

मोबाईलवरून तयार लोगो उतरवू देऊ नका. वाकडं असलं तरी मुलांच्या हातचं असू द्या.

पालकांसाठी दोन गोष्टी

पहिली, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक वस्तू बाजूला काढा. किंमत नको बघायला. ज्या वस्तूनं घर चाललं, ती निवडा. धोटा असेल, विळा असेल, शिवणयंत्राचं चाक असेल, नाहीतर आजोबांची हजेरीची वही.

दुसरी, त्या वस्तूची गोष्ट मुलाला सांगा. चांगलीच असली पाहिजे असं नाही. माग का काढले, कर्ज किती होतं, गाव सोडून इथे का आलो, हेही सांगा. मुलांना समजतं. गोष्टीशिवाय धोटा म्हणजे लाकडाचा तुकडाच.

आमचा कोपरा अजून त्याच टेबलावर आहे. सुट्टीत चादर झटकताना धोट्यातली कांडी निघून पडली, तर दोन पोरं धावत आली. "बाई, थांबा, तुम्हाला जमणार नाय, आम्ही बसवतो." आणि त्यांनी ती बसवली. बरोबर बसवली.